चिरलेला आर्म, तुटलेला पाटा: जोडायचा की बदलायचा?

इंदूरच्या विजय नगरात पावसाळा सरत आला की दुचाकी मिस्त्र्यांकडे एक तक्रार हमखास येते. गाडी मागून लचकते, ब्रेकरवरून उतरताना खट्ट आवाज होतो, वळणावर मागचं चाक वेगळंच कुठेतरी ओढतं. मिस्त्री मागची बाजू धुऊन काढतो, कापडाने पुसतो आणि स्विंग आर्मच्या सांध्याशेजारची केसभर रेघ बोटाने दाखवतो. मालक विचारतो, वेल्डिंग मारून भागेल की नवा टाकावा लागेल? थोडं पुढे, देवास नाक्याच्या बाजूला, ट्रकमालक हाच प्रश्न कमानपाट्याबद्दल विचारत असतो. स्कीम ५४ मधल्या कुणाच्या कारचा लोअर आर्म असो, कुणाचं अलॉय चाक असो किंवा ई-रिक्षाचा पुढचा फोर्क असो, प्रश्न तोच राहतो.

उत्तर मात्र बहुतेक वेळा गाडी कुणाच्या दारात उभी आहे त्यावर ठरतं. वेल्डरकडे नेली तर तो जोडून देतो, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली तर अख्खा भाग बदलायचं एस्टिमेट हातात पडतं, आणि जुन्या सामानाच्या दुकानात गेलं तर दुसऱ्या गाडीचा काढलेला आर्म समोर येतो. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. पण त्यांच्या उत्तरांमागे तपासणी कमी आणि सवय जास्त असते. माझ्या मते निर्णय तीन गोष्टींवर व्हायला हवा: धातू कोणता आहे, चीर का पडली, आणि चालत्या गाडीत तो भाग सुटला तर काय होईल. चीर किती लांब आहे आणि वेल्डरचा हात किती चांगला आहे, हे दोन्ही त्यानंतरचं. लोक मात्र नेमकं याच दोन गोष्टींपासून सुरुवात करतात.

चीर का पडते ते आधी पाहू, कारण तिथेच बहुतेक गैरसमज आहेत. ‘खड्ड्यात आदळली आणि तुटली’ असं आपण म्हणतो. कधी ते खरंही असतं. पण सस्पेन्शनचे बरेचसे भाग एका धक्क्याने तुटत नाहीत. त्यांना सहज पेलवेल असा भार लाखो वेळा पडतो आणि उठतो, आणि धातू आतून थकतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तिथेच पुन्हा पुन्हा मागेपुढे केली की तुटते, तसंच हे. ही गोष्ट माणसाला फार महागात शिकावी लागली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी विल्यम रँकिन या तरुण इंजिनिअरने मोडलेल्या आसांचा अभ्यास मांडला. आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यापासून चीर हळूहळू आत शिरत जाते, हे त्याने दाखवलं. त्यानंतर जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. भार जितका कमी तितके जास्त फेरे धातू टिकतो, आणि पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखालचा भार तो जवळपास कितीही वेळा सोसतो, हे त्या प्रयोगांतून पुढे आलं. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. छोटा भारही पुरेसे फेरे मिळाले की त्याला थकवतो. विजय नगरच्या आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या फरकात आहे.

आता फेऱ्यांचा अंदाज घेऊ. खाद्यपदार्थ पोचवणारा एखादा मुलगा दिवसाला १०० किलोमीटर फिरतो असं धरा. शहरातला वेग सरासरी ताशी २५ किलोमीटर धरला तर चाक ४ तास, म्हणजे १४,४०० सेकंद फिरतं. सेकंदाला एक छोटा धक्का मोजला आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला ४३ लाखांहून जास्त फेरे होतात. घरून कॉलेजला जाणारी तीच गाडी तेवढे फेरे कित्येक वर्षांत पाहत नाही. म्हणून ‘गाडी दोनच वर्षांची आहे, इतक्यात कशी चिरली’ असा प्रश्न विचारण्याऐवजी ओडोमीटर पाहावा, आणि मागे किती वजन बांधलं जातं ते विचारावं.

त्यात माळव्याची जमीन. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. पाया नीट तयार केला नसेल तर वरचा डांबरी थर तिच्यासोबत हलतो, फाटतो, आणि पहिल्याच झडीत खड्डा तयार होतो. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा जुना बीआरटीएस, मेट्रोच्या खांबांची कामं, नळ आणि गटारांसाठी खोदून पुन्हा बुजवलेले पट्टे, यांमुळे एकाच रस्त्याची पातळी जागोजागी बदलते. स्पीडब्रेकरचं दुखणं वेगळंच आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात सर्वसाधारण गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, म्हणजे गाडी त्यावरून लाटेसारखी चढावी आणि उतरावी. कॉलन्यांच्या आतल्या गल्ल्यांत रहिवासी हौसेने घालून घेतात ते अरुंद, उभट उंचवटे मात्र प्रत्येक चाकाला खालून मार देतात. मूल रस्त्यावर धावत येईल ही आई-बापांची भीती खरी आहे, त्या भीतीवरचा उपायही नीट मापाचा असावा, एवढंच मागणं.

चीर सुरू होते ती ठरावीक जागी: बोल्टच्या भोकाच्या कडेला, वेल्डच्या टोकाशी, पत्र्याच्या अणकुचीदार कोपऱ्यात किंवा गंजाने खाल्लेल्या खळग्यात. या जागी ताण एकवटतो. म्हणूनच ‘वेल्डिंग केलं होतं ते टिकलं, पण शेजारी तुटलं’ ही तक्रार मिस्त्री इतक्या वेळा ऐकतो. वेल्ड मजबूत होता हे खरं, पण त्याच्या कडेला ताण एकवटायची नवी जागा तयार झाली.

कमानपाट्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे उत्तर सगळ्यांत स्पष्ट आहे आणि तिथेच सगळ्यांत जास्त जुगाड चालतो. छोट्या लोडिंग गाडीपासून दहा चाकी ट्रकपर्यंत मालवाहतुकीचा फार मोठा भार आजही पाट्यांवर आहे. पाट्याचं पोलाद साधं नसतं. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, सिलिकॉन आणि मँगनीज असतात. कारखान्यात तो लाल तापवून तेलात विझवतात, पुन्हा मोजून तापवून कडकपणा आणि लवचीकता यांचा मेळ घालतात, मग ताण येणाऱ्या पृष्ठभागावर पोलादी छर्‍यांचा मारा करतात. त्या माऱ्याने वरचा थर दाबाखाली राहतो आणि चीर सुरू होणं लांबतं. आपल्याच मध्य प्रदेशात, भिंड जिल्ह्यातल्या मालनपूरला, जमना ऑटो ही पाटे बनवणारी मोठी कंपनी हे काम करते. एवढ्या निगुतीने तयार केलेल्या पाट्यावर वेल्डिंगची ज्योत पडली की सारी मेहनत त्या एका जागी संपते. कार्बन जास्त असल्यामुळे वेल्डशेजारचा पट्टा एकदम थंड होऊन काचेसारखा ठिसूळ बनतो, आणि त्यापलीकडचा पट्टा नरम पडतो. असा जोडलेला पाटा दोन दिवस चालेल, कदाचित दोन महिने चालेल. पण तो मानपूरचा घाट उतरताना तुटणार की गोदामात उभा असताना, हे कुणीच सांगू शकत नाही. पाट्याला वेल्डिंग नको, यात मला कुठलाही अपवाद दिसत नाही. इतकंच काय, शेजारी चासीवर वेल्डिंग चाललं असेल तर पाटे झाकावेत, आणि अर्थिंगचा चिमटा पाट्याला कधीही लावू नये. एका ठिणगीचा डागही चिरेला पुरतो.

पाटा बदलतानाही चूक होते. तुटलेला एकच पाटा नवा घालतात, बाकीचे जुने बसलेले असतात. त्यामुळे नव्याची कमान जास्त राहते, भार वाटून न जाता त्याच्यावर जास्त येतो आणि तोच पुन्हा तुटतो. एका बाजूचा संच बदलला आणि दुसरी बाजू तशीच ठेवली तर गाडी कलते. चांगला पाटेवाला दोन्ही बाजूंची उंची मोजतो, पाट्यांच्या कमानी एकमेकींना जुळतात का पाहतो. काही ठिकाणी बसलेला पाटा भट्टीत लाल करून, ठोकून, त्याला पुन्हा बाक देतात. तापवल्यावर ठरलेल्या तापमानाला विझवणं आणि पुन्हा तापवणं झालं नाही, तर तो बाक काही फेऱ्यांतच उतरतो.

आणि पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटला असेल, तर पाट्याला दोष देण्याआधी यू-बोल्ट पाहावा. यू-बोल्ट घट्ट असेल तर तो मधला भाग आसाशी एकजीव धरून ठेवतो आणि भोकापाशी वाकच येत नाही. बोल्ट सैल झाला की सगळा वाक त्या भोकावर येतो. नवा पाटा टाकला, जुनेच ताणलेले यू-बोल्ट पुन्हा चढवले, तर काही आठवड्यांत मालक त्याच दुकानात परत येतो आणि माल खराब निघाला म्हणून भांडतो. नवे यू-बोल्ट, ठरलेल्या ताकदीने आवळलेले, आणि भार घेऊन थोडं चालल्यावर पुन्हा आवळलेले, एवढ्याने बरंच टळतं. जास्तीचा माल भरणं हे दुसरं कारण. त्यावर पाटेवाल्याकडे उपाय नाही. जादा पाटा चढवून घेतला तरी वाढलेला भार आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांच्यावर पडतोच.

आता ॲल्युमिनियम. हा धातू इंदूरच्या रस्त्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत झपाट्याने वाढला: महागड्या मोटारसायकलींचे ओतीव स्विंग आर्म, मोठ्या गाड्यांचे लोअर आर्म, आणि जवळपास प्रत्येक नव्या दुचाकीची अलॉय चाकं. त्याबरोबर ‘आर्गन मारून देतो’ हे वाक्यही वाढलं. आर्गन वेल्डिंगने ॲल्युमिनियम सुंदर जोडता येतं, यात शंका नाही. रेडिएटर, सायलेन्सरचं कव्हर, इंजिनाच्या झाकणाचा तुटलेला कान, यांसाठी ते उत्तम आहे. भार घेणाऱ्या भागाचं गणित वेगळं आहे. उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला एक नेहमीचा मिश्रधातू घ्या, ६०६१-टी६. त्याची ताणशक्ती साधारण ३१० मेगापास्कल असते. वेल्ड केल्यावर सांध्यापाशी १६५ च्या आसपास मिळाली तरी ती मानकाला मान्य धरली जाते. म्हणजे जवळपास निम्मी ताकद गेली, आणि ती वेल्डरच्या चुकीने गेली नाही. गेलेली ताकद परत आणायची तर अख्खा भाग पाचशे अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवावा लागतो आणि मग कित्येक तास मंद आचेवर ठेवावा लागतो. रस्त्याकडेच्या दुकानात हे होत नाही, आणि झालं तरी भाग वाकडा होतो.

याच धातूचा, याच दुखण्याचा सगळ्यांत शिकवणारा नमुना आपल्या शहरापासून फार लांब, बर्फात आहे. गुलमर्गला जाऊन आलेल्या इंदुरी कुटुंबांनी स्नोमोबाईलवर चक्कर मारलेली असते. तिला मागे चाकं नसतात. एक रुंद रबरी पट्टा दोन समांतर ॲल्युमिनियमच्या रुळांभोवती फिरतो, रुळांच्या खालच्या कडेला घसरण्यासाठी प्लास्टिकची पट्टी असते, आणि अख्खं मागचं सस्पेन्शन या दोन रुळांवर बोल्टने बसवलेलं असतं. दगडावर, गोठलेल्या उंचवट्यावर आपटून आपटून हे रूळ चिरतात, आणि चिरतात ते बहुधा बोल्टच्या भोकापाशी किंवा पुढच्या वाकलेल्या टोकाजवळ. थंडीने धातू ठिसूळ झाला असा समज तिथेही आहे, पण ॲल्युमिनियम थंडीत साध्या पोलादासारखं ठिसूळ होत नाही. इथेही कारण थकव्याचंच असतं. अलास्का किंवा मिनेसोटाकडचे चालक त्यावर एक उपाय करतात. चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडून तिची वाट अडवतात आणि दोन्ही बाजूंनी जाड ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टने किंवा रिव्हेटने जखडतात. यात उष्णता नाही, म्हणून मूळ धातूची ताकद तशीच राहते. पण प्रत्येक नवं भोक हे नव्या चिरेचं संभाव्य घर असतं, आणि पट्टी जिथे संपते तिथे ताण एकदम बदलतो. म्हणून जाणते लोक पट्टी लांब घेतात, तिची टोकं निमुळती करतात, आणि हंगाम संपला की रूळच बदलतात. बर्फात रूळ तुटला तर यंत्र थांबतं, माणूस बहुधा चालत परततो. आग्रा-मुंबई रस्त्यावर ताशी ६० च्या वेगात मागचा आर्म सुटला तर असं परतणं नशिबी असेलच असं नाही. म्हणून तिथली पट्टीची युक्ती इथल्या दुचाकीच्या आर्मला लावायला माझा ठाम नकार आहे.

अलॉय चाकाबद्दल थोडक्यात: वाकलेला ओठ सरळ करणारी यंत्रं शहरात आहेत, मर्यादित वाकासाठी ती चालू शकतात. आरपार चीर गेलेलं चाक भंगारात द्यावं.

साधं पोलाद हे या सगळ्यांत वेल्डरचं खरं राज्य. त्यात कार्बन कमी असतो, ते वेल्ड छान घेतं, आणि इथे जोडणं हा मुळीच कमीपणाचा मार्ग नाही. ट्रकचा क्रॉसमेंबर, बॉडीचे ब्रॅकेट, दुचाकीचा स्टँड, फूटरेस्टचा कान, कॅरिअर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांगाडा, हे सगळं नीट केलं तर जोडून वर्षानुवर्षं चालतं. साध्या गाड्यांचा स्विंग आर्म पोलादी नळीचा किंवा पत्र्याचा असतो. त्याच्या शॉकअपच्या कानाशी लवकर सापडलेली छोटी चीर मी चांगल्या वेल्डरकडे द्यायला तयार होईन. पिव्हटच्या नळीपाशी किंवा आसाच्या खाचेपाशी चीर असेल तर नाही. आणि स्टिअरिंगशी संबंध असलेलं काहीही, म्हणजे पुढचा फोर्क, टाय रॉड, नकल, बॉल जॉइंट बसवलेला लोअर आर्म, हे कुणीही कितीही खात्री दिली तरी जोडू नये. मागचं चाक डगमगलं तर गाडी थांबवायला थोडा वेळ मिळू शकतो. पुढचं सुटलं की तो मिळत नाही. ई-रिक्षाचा पुढचा फोर्क आज शहरात सर्रास वेल्ड केला जातो, आत तीन-चार बायामुलं बसलेली असतात, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

चांगलं वेल्डिंग कसं ओळखायचं? चिरेवर नुसता थर चढवला तर खाली चीर तशीच जिवंत राहते. जाणता वेल्डर आधी रंग आणि गंज खरवडतो, चिरेचं टोक शोधतो, तिथे भोक पाडतो, ग्राइंडरने चिरेची खोल व्ही करतो आणि मग तळापासून भरत येतो. शेवटी वेल्डची कड घासून सपाट करतो, कारण कडेचा उभा उंचवटाच पुढच्या चिरेला जन्म देतो. दुकानात बहुतेक वेळा ६०१३ नंबरचा रॉड हाताशी असतो. किरकोळ कामाला तो ठीक आहे. भार घेणाऱ्या जोडाला ७०१८ घ्यावा, आणि तो वापरण्याआधी भट्टीत सुकवलेला असावा. ऐन पावसाळ्यात उघड्या पुड्यातला ओला रॉड वापरला तर ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि काम झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, वेल्डखाली नवी चीर उघडते. गिऱ्हाईक तोवर घरी पोचलेलं असतं. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: भारी, जास्त ताकदीचं पोलाद वापरलं म्हणून वेल्ड केलेल्या जोडाचं थकव्याविरुद्धचं आयुष्य वाढत नाही. तिथे वेल्डचा आकार आणि जागा यांवरच सगळं ठरतं. म्हणून ‘जाड प्लेट मारून देतो, पुन्हा तुटणार नाही’ या वाक्यावर विसंबू नये. जाड प्लेटने ती जागा ताठ होते आणि वाक शेजारी सरकतो. ट्रकच्या चासीला ठिगळ लावताना ते चौकोनी न कापता टोकं निमुळती ठेवतात आणि चासीच्या वरच्या-खालच्या ओठावर आडवा वेल्ड टाळतात, त्यामागे हेच कारण आहे. नव्या गाड्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. वेल्डिंगआधी बॅटरीची तार सोडावी, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा. नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा एबीएसच्या तारांतून वाट काढतो.

या साऱ्याआधी चीर सापडायला हवी. इथे आपल्या दुकानांत सगळ्यांत मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला खर्च फार नाही. तीन डब्यांचा पेनिट्रंट संच मिळतो: एक साफ करायचा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या भुकटीचा. भाग स्वच्छ करून लाल रंग फवारायचा, दहा-वीस मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि पांढरा थर द्यायचा. चिरेत मुरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन वर येतो. जुन्या रेल्वे वर्कशॉपांत हेच काम पातळ तेल आणि खडूच्या भुकटीने होत असे, आणि रॉकेल व खडूवर ते आजही बऱ्यापैकी जमतं. पोलादी भागाला चुंबकीय भुकटीची तपासणी आणखी चांगली, पण ती सांवेर रोडच्या औद्योगिक भागातल्या तयारीच्या कारखान्यांची गोष्ट आहे, चौकातल्या दुकानाची नाही. मालकाला स्वतःलाही बरंच दिसतं. धुतल्यावर एका सरळ रेषेत पुन्हा पुन्हा फुटणारा तांबूस गंज, रंगाचा बारीक तडा, टायरची एकाच बाजूला झीज, चेन सारखी एका अंगाला जाणं. पावडर कोटिंग करून घेतलेल्या जुन्या आर्मवर विश्वास ठेवू नये. त्या जाड थराखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

पैशाचा विचार टाळून चालणार नाही, कारण निर्णय शेवटी तिथेच होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी अनेक भागांवर २८ टक्के होता. त्यामुळे बदलण्याच्या बाजूचं पारडं थोडं जड झालं आहे. विम्याचं गणित लोकांना उशिरा कळतं. नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरले जात नाहीत, म्हणजे थकव्याने पडलेली चीर खिशातूनच भरायची. अपघातात किंवा खड्ड्यात आदळून तुटलं तर दावा मिळू शकतो, पण धातूच्या भागांवर वयाप्रमाणे घसारा कापतात: दुसऱ्या वर्षात १० टक्के, चौथ्यात २५, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०, आणि दहा वर्षांवर ५०. रबरी बुशवर तर गाडी नवी असली तरी ५०. झीरो डेप्रिसिएशनचं जादा कलम घेतलं असेल तर हे वाचतं. म्हणून खड्ड्यात जोरात आदळल्यावर गाडी त्याच आठवड्यात उचलून तपासून घ्यावी आणि फोटो ठेवावेत. सहा महिन्यांनी उघडी पडलेली चीर त्या खड्ड्याची होती हे कुणी मानत नाही.

जुन्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. पीथमपूरला तयार झालेली कायनेटिक होंडा आजही काही इंदुरी मराठी घरांच्या पोर्चमध्ये जपून ठेवलेली आहे. १९८४ मध्ये कायनेटिकच्या फिरोदियांनी होंडाशी हात मिळवला आणि या स्कूटरने एका पिढीच्या बायकांना स्वतःचं वाहन दिलं. अशा गाडीचा नवा भाग हवा तेव्हा मिळत नाही. तिथे चांगल्या वेल्डरकडून जोडून घेणं, वेग आणि ओझं मर्यादेत ठेवणं आणि दर काही महिन्यांनी पेनिट्रंटने पाहणं हा रास्त मार्ग आहे. भंगारातून काढलेला आर्म घ्यायचा असेल तर तो बसवण्याआधी तपासून घ्यावा. तो कुठल्या अपघातातून आला ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

कायद्याचीही बाजू आहे. ज्या बिघाडाची चालकाला माहिती होती, किंवा साध्या काळजीने कळू शकली असती, अशा धोकादायक गाडीने रस्त्यावर येणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे. दंड १,५०० रुपये. त्यातून अपघात होऊन कुणाला इजा झाली तर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मिस्त्रीने चीर दाखवली आणि आपण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून निघालो, तर ती माहिती आपल्याला होती.

आणि चीर नेहमी वापरणाऱ्याचीच चूक असते असंही नाही. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्या एकाच जागी चिरत असतील तर तो आराखड्याचा प्रश्न आहे. पुढचा फोर्क तुटल्याच्या तक्रारी समाजमाध्यमांवर गाजल्यानंतर ओला इलेक्ट्रिकने मार्च २०२३ मध्ये आपल्या स्कूटरच्या ग्राहकांना पुढचा फोर्क विनामूल्य बदलून देण्याची सोय जाहीर केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि दोष असलेली वाहनं परत बोलवायचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण अशी पावलं उचलायला तक्रारींची नोंद लागते. विजय नगरच्या मिस्त्र्यांना कुठलं मॉडेल कुठे चिरतं हे तोंडपाठ आहे, आणि ते ज्ञान त्यांच्या डोक्यातच राहतं. विजय नगरापासून तासाभराच्या अंतरावर पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. २९ जून २०२१ ला तिथल्या ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान ट्रॅकचं उद्घाटन झालं, आणि वाहनांचा थकवा तपासायचे खास खडबडीत ट्रॅकही तिथे आहेत. आयशरचे ट्रक आणि फोर्सच्या गाड्या त्याच पट्ट्यात बनतात. एका टोकाला गाडी जाणूनबुजून थकवून पाहणारे इंजिनिअर, दुसऱ्या टोकाला थकलेल्या गाड्या रोज उघडणारे मिस्त्री, आणि मध्ये दोघांना जोडणारी साधी नोंदवहीही नाही. मिस्त्र्यांनी मॉडेल, किलोमीटर, चिरेची जागा आणि एक फोटो एवढं जरी लिहून ठेवलं, आणि ते घ्यायला पीथमपूरकडचं कुणी तयार झालं, तर तक्रारी व्हायरल व्हायची वाट पाहावी लागणार नाही.

सगळ्यांत जास्त फेरे ज्याच्या गाडीला मिळतात तो डिलिव्हरीचा मुलगा या साऱ्यात सगळ्यांत एकटा आहे. गाडी त्याची, हप्ता त्याचा, आर्म चिरला तर त्या दिवसाची मजुरीही त्याचीच बुडते. म्हणून तो शंभर-दोनशे रुपयांचं वेल्डिंग मारून संध्याकाळच्या ऑर्डरींना परत हजर होतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही कदाचित तेच केलं असतं. त्याच्या कंपनीने ठरावीक किलोमीटरनंतर सस्पेन्शनची मोफत तपासणी आणि चिरलेला भाग बदलायला बिनव्याजी उचल, एवढी तरी सोय करावी. ते होईपर्यंत त्याच्या मिस्त्रीने वेल्ड करून गाडी देताना आठ दिवसांनी, काहीही वाटत नसलं तरी, त्याला परत बोलवावं, वेल्डच्या दोन्ही कडा पुसून पाहाव्यात, आणि या दुसऱ्या फेरीचे पैसे घेऊ नयेत.